शरीर एक, जीव दोन

सुट्टी होती म्हणून बडोद्याच्या कमाटीबागेत बसून स्टेफनी मेयरची 'द होस्ट' (2008) ही कादंबरी संपवली. डोकं अजून तिथेच आहे. मेलनीच्या शरीरात वॉन्डरर हा परग्रहावरचा जीव बसवतात, पण मेलनी आतून हटत नाही. तिच्या आठवणींतला तिचा प्रियकर जॅरेड मग वॉन्डररलाही आवडू लागतो! मला मात्र इयन जास्त भिडला. सुरुवातीला गळा दाबायला धावलेला हा माणूस पुढे त्या परक्या जिवावरच प्रेम करतो, चेहऱ्यावर नाही. ते पान दोनदा वाचलं.

घरी शेवउसळ खाताना आईला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "मग ही चव दोघींपैकी कोणाला लागणार गं?"

दोघींना, आई. भूकही दोघींना. आता रोज थोडं थोडं तिला मराठीत सांगणार आहे.