बाविसाव्या दिवसापासून पुढे : माझा अनुभव

सकाळी उठल्यावर दहा मिनिटं बाहेर चालायचं, एवढीच सवय मला लावून घ्यायची होती. 'एकवीस दिवस नेटाने करा, मग ती आपोआप होते' हे इतक्या ठिकाणी वाचलं होतं की मी कॅलेंडरवर फुल्या मारत गेले. एकवीस फुल्या झाल्या. बाविसाव्या दिवशी गजर वाजला, तेव्हा खिडकीबाहेर मिट्ट काळोख होता आणि पहिल्या दिवशी जेवढी मनाची समजूत घालावी लागली होती, तेवढीच पुन्हा घालावी लागली. मला वाटलं, खोट माझ्यातच आहे. त्याच आठवड्यात चालणं सुटलं. पुढच्या वर्षी दिवस लहान होऊ लागल्यावर पुन्हा हेच झालं.

त्या एकवीस दिवसांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या लिखाणातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला 'किमान' वाटेत गळून पडला, चेहऱ्याची गोष्ट चालण्याला चिकटली आणि माझ्यासारखी माणसं बाविसाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवून मोकळी झाली.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी बारा आठवडे तपासल्या होत्या. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्यक, म्हणजे रांगेतला मधला आकडा, निघाला ६६ दिवस. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा गणिताने पुढे काढलेला अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयींपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. मला सगळ्यात जास्त धीर दिला तो सवय किती आपोआप होतेय हे दाखवणाऱ्या त्यांच्या आलेखाने. सुरुवातीला तो भराभर चढतो, मग चढ मंदावत जातो. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर 'काहीच पुढे सरकत नाही' असं वाटतं, तेव्हाही सवय मुरतच असते. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. मी मात्र एक फुली हुकली की सगळं पहिल्यापासून मोजायचे. ते कृपा करून करू नका.

पण माझं घोडं फक्त मोजणीत अडलं नव्हतं. माझी सवय उजेडाला बांधलेली होती. पहिले काही आठवडे खिडकीतून फटफटलेलं दिसलं की पाय आपसूक चपलांकडे वळायचे. मग सूर्योदय रोज थोडा पुढे सरकत गेला आणि ती खूणच नाहीशी झाली. सगळ्यात लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेला येतो, तेव्हा त्यानंतर सकाळ लवकर उजाडेल, म्हणून मी वाट बघत राहिले. उत्तर गोलार्धात बऱ्याच ठिकाणी सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीत असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पृथ्वीचा आस कललेला आणि कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळे त्या दिवसांत मध्यान्हच, म्हणजे सूर्य सगळ्यात वर येण्याची वेळच, रोज थोडी पुढे जाते. संध्याकाळ लांबू लागते, पण सकाळ तशीच अंधारी राहते. त्यात आपल्या शरीराचं घड्याळ बहुतेकांच्या बाबतीत २४ तासांहून किंचित लांब असतं आणि सकाळचा उजेड ते रोज जुळवून देतो. तो उजेडच उशिरा आला की उठणं जड जाणारच. आळशीपणाचा ठपका मी उगाच स्वतःवर ठेवत होते.

तिसऱ्या वर्षी मी खूण बदलली. दात घासून झाले की चालायला निघायचं. दात घासणं ऋतूप्रमाणे हलत नाही. चपला न्हाणीघराच्या दाराशी ठेवल्या. उठल्या उठल्या घरातले सगळे दिवे लावू लागले. फार अंधार असेल तर चालणं घरातल्या घरात, पण उजाडल्यावर पाच मिनिटं बाहेर डोकावून यायचंच. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

दहा मिनिटांनी काय होतं, असं विचारणाऱ्यांना एक सांगते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि माझी तर सत्तरच होत होती. पण एका वेळी सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची, ही जुनी अट त्यांनी २०२०मध्ये काढून टाकली. म्हणून अंग मोडून आल्याच्या दिवशी मी दोनच मिनिटं चालले आणि ती बिनधास्त मोजली.

आधीच सांगायला हवं होतं ते आता आठवलं : एका ऋतूत एकच सवय. पहिल्या वर्षी मी चालणं, पाणी आणि लवकर झोपणं एकदमच धरलं होतं. थंडीत तहान कमी लागते, त्यामुळे पाणी सगळ्यात आधी सुटलं.

या वेळी बहात्तराव्या की त्र्याहत्तराव्या दिवशी मी निम्मा रस्ता चालून गेल्यावर लक्षात आलं, की आज मनाची समजूत घालावीच लागली नाही. नक्की कितवा ते सांगता येत नाही, कारण फुल्या मारायचंही तोवर विसरले होते. आता ऊन चढायला लागलंय. चालून परतल्यावर चपला काढायच्या आधी एक पेला पाणी, असं नवं सुरू केलंय. आज अकरावा दिवस.