तुम्ही विचारलंत म्हणून

"घरात कोणाचं लक्ष नसतं का हो?" माझ्या लेकीचं वाढलेलं वजन बघून लोक मला विचारतात. तिच्यासमोर. ती पंधरा वर्षांची आहे, बहिरी नाही.

लक्ष होतं. नको तेवढं होतं.

आधी नव्हतं, तेही कबूल. कामावरून उशीर झाला की बर्गर, फ्राइज आणि कोला मीच मागवायचे. "एका कॅनने काय होतंय?" हे वाक्य माझंच. ३३० मिलीलीटरच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. तेवढी चहात घालताना माझा हात थांबला असता. कॅनमधली दिसत नाही.

मग मला जाग आली आणि ते जास्त वाईट झालं. दर रविवारी सकाळी वजन, फ्रिजवर तक्ता. आकडा उतरला की शाबासकी, चढला की संध्याकाळपर्यंत अबोला. याला मी शिस्त म्हणायचे.

गेल्या वर्षी तिला डॉक्टरांकडे नेलं. नर्सने काट्यावर उभं राहायला सांगितलं. लेकीने चपला काढल्या, घड्याळ काढलं, केसांतली पिन काढून माझ्या हातात दिली. मग भिंतीकडे तोंड करून आत होता नव्हता तेवढा श्वास सोडला, नाक दाबलं आणि काट्यावर चढली. श्वासाचंही वजन भरेल अशी भीती. रविवारी घरीही ती हेच करत असणार. मी आकडा बघायचे, तिच्याकडे नाही.

डॉक्टरबाईंनी मला बाहेर बसवलं. पिन मुठीत धरून बसले. नंतर, लेकीला विचारून, त्यांनी सांगितलं: शनिवारी दुपारनंतर ती काही खात नाही. रविवारी वजन झालं की बाथरूमचं दार लावून चिप्सची पाकिटं संपवते. मला वाटत होतं, तक्ता काम करतोय!

"या वयात मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, लावत नाहीत," बाई म्हणाल्या, "वयानुसार आलेख बघतात. तिची उंची अजून वाढतेय, वजन आहे तिथे राहिलं तरी पुष्कळ. आधी तो काटा माळ्यावर टाका."

टाकला. आणि मग वाचत सुटले. अमेरिकेत केव्हिन हॉल या संशोधकाने २० प्रौढांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. २०१९ साली ते छापून आलं. पुढे ठेवलेल्या अन्नात कॅलरी, साखर, चरबी सारखीच, हवं तितकं खायची मुभा. तयार अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. मोठ्यांना आवरत नाही, तिथे पोरीकडून कसला निग्रह मागता? विचारणाऱ्यांना मी हे ऐकवते. ऐकवताना आवाज चढतो, कारण आमच्या घरात ती पाकिटं कोणी आणली हे मला माहीत असतं.

घरात आता कॅन नसतात. ती बाहेर काय पिते, मी विचारत नाही. हा समजूतदारपणा आहे की नुसता थकवा, सांगता येणार नाही.

परवा तिने बर्गर मागवला. मी अवाक्षर काढलं नाही. अर्धा खाऊन तिने तो ठेवून दिला. पोट भरलं म्हणून ठेवला, की मी बघत होते म्हणून?