आरएक्स-१०० चा कार्ब्युरेटर साफ करताना: दोन वर्षं उभ्या गाडीचा अनुभव

गाडी १९९३ ची यामाहा आरएक्स-१००. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, मिकुनीचा व्हीएम प्रकारचा मूळ कार्ब्युरेटर. दोन पावसाळे ताडपत्रीखाली उभी होती आणि टाकीत अर्धं पेट्रोल तसंच राहिलं होतं. जुनं पेट्रोल काढलं, नवं भरलं, नवा प्लग लावला. चोक ओढून सहाव्या-सातव्या किकला चालू झाली. पण चोक बंद केला की लगेच बंद. रेस धरून ठेवली तर वरच्या स्पीडला आवाज एकदम स्वच्छ, सोडली की मेली.

या लक्षणांवरून कार्ब्युरेटर उघडण्याआधीच कळतं की घाण कुठे आहे. या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलच्या तीन वेगळ्या वाटा आहेत. चोकची वाट स्वतंत्र असते. इथे चोक म्हणजे हवा अडवणारी पत्री नव्हे, तो ओढल्यावर जादा पेट्रोलचं भोक उघडतं. दुसरी वाट स्लोची, म्हणजे पायलट जेटची (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक असलेला पितळी तुकडा). तिसरी वाट निडल (लांब निमुळती सुई) आणि मेन जेटची, ती रेस पाव भाग उघडल्यावर काम करू लागते. गाडी चोकवर चालते, मोठ्या रेसवर चालते, फक्त स्लोला मरते, म्हणजे पायलटची वाट बंद. उलट स्लो छान आणि रेस दिल्यावर भकभक करून दम तोडते, तर मेन जेट किंवा टाकीतून येणारं पेट्रोल कमी पडतंय.

पायलटच का आधी बंद होतो? त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. बाऊलमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीतलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे पिवळट चिकट थर उरतो. ज्यांनी ऑइल पंप काढून ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळायला सुरुवात केलीय, त्यांच्याकडे हा त्रास जास्त. पेट्रोल उडतं, ऑइल उडत नाही. त्यात आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि मग बाऊलच्या तळाशी पांढरी भुकटी धरते. माझ्या बाऊलमध्ये दोन्ही होतं, खाली पांढरं आणि वर मधासारखं.

काम मोकळ्या गॅलरीत केलं. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते. त्यामुळे गॅस गीझर, शेगडी, सिगारेट यांपैकी काहीही जवळ नको. कार्ब क्लीनरचा एक डबा, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि एक पांढरा ट्रे घेतला. ट्रे पांढराच घ्या, वॉशर आणि क्लिपा त्यात चटकन दिसतात.

कॉक बंद केला, पेट्रोलचा पाइप काढला, दोन्ही बाजूंचे क्लॅम्प सैल करून कार्ब्युरेटर मागच्या रबरी बूटमध्ये दाबत पुढून मोकळा केला. वरचं झाकण हाताने फिरवलं की स्लाइड (रेसबरोबर वरखाली होणारा दट्ट्या) आणि निडल केबलसकट बाहेर येते. ती तशीच स्वच्छ फडक्यात गुंडाळून टांगून ठेवली, कारण निडल वाकली तर नवीच घ्यावी लागते. ऑइल पंप चालू असलेल्या गाडीवर त्याची बारीक नळी ओढली जाऊ देऊ नका. नळी सुटली तर तिच्यात हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय गाडी चालवली तर पिस्टनला ऑइलच मिळत नाही.

काहीही फिरवण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहिल्या. निडलची क्लिप वरून कितव्या खाचेत आहे, आणि एअर स्क्रू (स्लोच्या वाटेत हवा किती जाईल ते ठरवणारा) पूर्ण आत बसेपर्यंत किती फेरे जातो. माझा पावणेदोन फेरे गेला. आत बसला की थांबायचं. जोर लावला तर स्क्रूच्या टोकाला गोल खाच पडते आणि मग तो कधीच नीट सेट होत नाही.

बाऊलचे चार स्क्रू हा या कामातला सगळ्यात धोक्याचा भाग. ते जपानी मापाचे प्लस स्क्रू आहेत. आपला नेहमीचा स्टार स्क्रू ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर सरकतो आणि डोकं गोल करून टाकतो. जेआयएस (जपानी मानक) मापाचं टोक मिळत असेल तर तेच वापरा. माझा एक स्क्रू हलेना. त्यावर अडकलेले स्क्रू सोडवणारं भेदक तेल टाकून अर्धा तास ठेवलं, मग स्क्रू ड्रायव्हर खाचेत धरून वरून हातोडीचा एक हलका ठोका दिला. सुटला.

फ्लोटची, म्हणजे बाऊलमधल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची पिन एकाच बाजूने निघते. ज्या बाजूला पिन जाड किंवा घट्ट वाटते तिकडून ठोकू नका, तिला धरणारा खांब बॉडीचाच भाग आहे आणि तो तुटला तर बॉडी भंगारात. पिन निघाल्यावर फ्लोट आणि त्याखालची, बाऊल भरल्यावर पेट्रोल अडवणारी सुई उचलली. सुईचं टोक नखावर फिरवून बघितलं. गोल कडा उठलेली लागली तर सुई बदलायची, नाहीतर ओव्हरफ्लो होतोच. माझी गुळगुळीत होती.

आता जेट. मेन जेट आणि पायलट जेट दोन्ही पितळेचे, आणि पितळ मऊ. खाचेत बरोबर बसणारा चपटा स्क्रू ड्रायव्हरच हवा. दोन्हींवर नंबर कोरलेले असतात, तेही लिहून ठेवले. पायलट जेट खिडकीकडे धरला तर काहीच दिसेना, पूर्ण काळोख. अशा वेळी बरेच जण क्लचच्या केबलची तार घालतात, पण ते करू नका. भोक एक केसभर मोठं झालं तरी स्लोला पेट्रोल जास्त जातं, प्लग काळा पडतो आणि मग एअर स्क्रू कितीही फिरवला तरी गाडी जागेवर येत नाही. मी दोन्ही जेट एका काचेच्या बाटलीत क्लीनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी नायलॉनच्या टूथब्रशचा एक केस तोडून पायलटमधून ओवला, मग नळीने जोरात क्लीनर मारला. उजेडात धरल्यावर भोक टाचणीच्या टोकाएवढं, पण कडा स्वच्छ आणि पूर्ण गोल दिसली. गोल नसेल, एका बाजूला चंद्रकोरीसारखी सावली असेल, तर थर अजून आत आहे. दोन प्रयत्नांनंतरही गेला नाही तर त्याच नंबरचा नवा जेट घ्या. तो स्वस्त असतो, त्यावर दिवस घालवू नये.

जेट साफ केला म्हणजे कार्ब्युरेटर साफ झाला असं नाही. बहुतेक अर्धवट कामं इथेच फसतात. पायलटची वाट जेटनंतर बॉडीच्या धातूतून पुढे जाते आणि तिथेही तोच थर बसलेला असतो. एअर स्क्रू, त्याची स्प्रिंग आणि असेल तर रबर काढलं, पायलट जेटच्या भोकात क्लीनरची लाल नळी घुसवली आणि मारला. तो एअर स्क्रूच्या भोकातून लगेच उडाला, पण मुख्य नळीत इंजिनच्या बाजूला जी दोन बारीक छिद्रं असतात, त्यांतून काहीच नाही. एअर स्क्रूचं भोक बोटाने दाबून धरलं आणि परत मारला. आधी एक तपकिरी थेंब आला, मग दुसऱ्या छिद्रातून बारीक धार. तिसऱ्या वेळी दोन्ही धारा सरळ उडाल्या. ही धार डोळ्यांनी बघितल्याशिवाय बाऊल बंद करायचा नाही. कोणत्या भोकात मारल्यावर कुठून बाहेर येतं, हे प्रत्येक वाटेसाठी बघा. एअर फिल्टरच्या तोंडाशी असलेली भोकं आणि बाऊलच्या कोपऱ्यातलं चोकचं बारीक पितळी भोक शेवटपर्यंत विसरलं जातं. मग पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर सगळ्या वाटा फुंकून घेतल्या. क्लीनर मारताना फ्लोट आणि रबरी भाग बाजूला ठेवा, रबर फुगतं.

बसवताना बॉडी उलटी धरून फ्लोटची पट्टी बॉडीच्या कडेला समांतर आहे का बघितलं. पट्टीचं टोक सुईला नुसतं टेकलं पाहिजे, सुईची स्प्रिंग दाबली जायला नको. बाऊलचं पॅकिंग नवं टाकलं. जुनं कडक झालेलं परत लावलं की पेट्रोल पाझरतं. स्लाइडची तिरकी कापलेली बाजू एअर फिल्टरकडे आणि खाच आतल्या पिनवर. उलटी बसली तर झाकण लागतं, पण रेस अडकू शकते, म्हणून किक मारण्याआधी दहा वेळा रेस सोडून स्लाइड टकटक खाली येते का ऐका आणि हँडल दोन्ही बाजूंना वळवून बघा.

इंजिनच्या बाजूचा रबरी जोड वाकवून तपासला तर खालून चीर. तो नवाच टाकला. टू-स्ट्रोकला हे फार महाग पडतं: चिरेतून हवा शिरली की मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं आणि पिस्टन पकडतो, म्हणजे जाम होतो. जोड बसवल्यावर गाडी चालू ठेवून त्याच्याभोवती साबणाचं पाणी थेंबथेंब टाकलं. कुठे ओढलं गेलं नाही आणि आवाजही बदलला नाही. रेस सोडल्यावर आवाज वर टांगून राहत असेल तर आधी हा जोड बघा, एअर स्क्रूला हात लावू नका.

सेटिंग गाडी दहा मिनिटं फिरवून गरम झाल्यावर. एअर स्क्रू दीड फेऱ्यावर ठेवून सुरुवात केली. या कार्ब्युरेटरवर तो फिल्टरच्या बाजूला असतो, म्हणजे हवेचा स्क्रू: आत घेतला की पेट्रोल जास्त, बाहेर काढला की पातळ. ज्या कार्ब्युरेटरवर हा स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो तिथे नेमकं उलट, आणि एकाचा हिशेब दुसऱ्याला लावल्याने बऱ्याच गाड्या बिघडतात. अष्टमांश फेऱ्याने फिरवत आवाज सगळ्यात वर चढतो ती जागा शोधली आणि मग स्लोच्या स्क्रूने आवाज खाली आणला. माझी जागा सव्वा आणि दीडच्या मध्ये सापडली. आधीचे पावणेदोन फेरे कुणीतरी अंदाजाने ठेवलेले होते.

टाकी मात्र कार्ब्युरेटर काढला त्याच दिवशी उतरवली होती. कॉकच्या जाळीवर गंजाची लाल पूड होती. टाकी न धुता कार्ब्युरेटर जोडला असता तर आठवड्यात तोच जेट परत बंद झाला असता. टाकीत पांढरं व्हिनेगर चोवीस तास भरून ठेवलं, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं, लगेच वाळवलं आणि आत थोडं टू-स्ट्रोक ऑइल फिरवलं, नाहीतर धुतलेली टाकी दुसऱ्याच दिवशी परत लाल होते. पाइपमध्ये बारीक जाळीचा पारदर्शक फिल्टर टाकला. कागदी फिल्टर या गाडीला नको, पेट्रोल नुसतं उतारावर येतं आणि त्यातून पुरेसं जात नाही. शंभर किलोमीटरनंतर बाऊल परत उघडला तेव्हा तळाशी चिमूटभर लाल पूड होती, पायलटमधून उजेड मात्र पूर्ण गोल दिसत होता.