गालावरचे खड्डे आणि माझं दीड वर्ष

पुण्यात स्कूटीवरच्या मुलीने डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये गुंडाळलेलं असलं तरी कुणी वळून बघत नाही, ऊन असतं, धूळ असते, सिग्नलला बसचा धूर थेट तोंडावर येतो. मी पण बांधायचे. फक्त मी ऑफिसला पोचल्यावर सुद्धा तो लगेच सोडायचे नाही, आधी वॉशरूममध्ये जाऊन कन्सीलर ठीक करायचे आणि मग जागेवर बसायचे, आणि लिफ्टमध्ये मान खाली, कारण वरून उजेड पडला की गालावरच्या प्रत्येक खड्ड्यात सावली साठते.

दहावीपासून पिंपल्स होते. आत्या म्हणायची लग्न झालं की जातात आपोआप. लग्नाआधीच गेले, तेविसाव्या वर्षी, पण खड्डे राहिले.

आधी चुका सांगते, कारण त्यातच जास्त पैसे आणि वेळ गेला. घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये 6 पीलचं (ॲसिड लावून कातडीचा वरचा थर काढतात ते) पॅकेज घेतलं, 18,000 रुपये. तिथे कुणी गालाला हात लावून बघितलं पण नव्हतं, काउंटरवरच्या मुलीने रेटकार्ड पुढे केलं आणि मी कार्ड स्वाइप केलं. काळपट डाग फिके झाले हे खरं, खड्डे होते तिथेच. मग मैत्रिणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून एक क्रीम आणलं, आठ दिवसांत चेहरा उजळला म्हणून खूश होते, दोन महिन्यांनी दुपारच्या उन्हात पाच मिनिटं उभं राहिलं तरी गाल लालबुंद व्हायला लागले, क्रीम बंद केलं की पुरळ. त्यात स्टेरॉइड होतं. असली बरीच क्रीम्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम 2018 मध्ये आलाय, तरी मला कुणी चिठ्ठी विचारली नाही. मला याचा आजही राग येतो.

शेवटी आईच्या मैत्रिणीने एका स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मॅडमनी खोलीतला दिवा बंद केला, बाजूने टॉर्च धरला आणि दोन अंगठ्यांनी गाल ताणून बघितला. मग आरसा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हे बघ, ताणल्यावर हा खड्डा गेला, हा नाही गेला. दोन्हीला एकच ट्रीटमेंट कशी चालेल?"

एवढं साधं मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. खड्डे वेगवेगळ्या जातीचे असतात. आइसपिक म्हणजे अरुंद आणि खोल, सुईने भोक पाडल्यासारखे. बॉक्सकार म्हणजे कडा सरळ तुटलेल्या, कांजण्यांचे व्रण असतात ना तसे. आणि रोलिंग म्हणजे रुंद, लाटांसारखे, ताणले की जातात. हे रोलिंगवाले खालून बांधलेले असतात. गादीला टाका घातला की तिथे कशी खाच पडते, तसे आतले घट्ट तंतू कातडीला खाली ओढून धरतात, आता वरून कितीही सीरम लावा, टाका तोडल्याशिवाय गादी वर येणार आहे का?

तो टाका तोडणं म्हणजे सबसिजन. पेनने खुणा केल्या, भुलीची इंजेक्शनं दिली (सगळ्यात जास्त दुखलं ते हेच) आणि मग सुई कातडीखाली आडवी फिरवत ते तंतू कापले. दुखत नव्हतं पण आवाज येत होता, कर्र कर्र, जाड कापड फाडल्यासारखा, आणि तो माझ्याच गालातून येतोय हे कळत होतं. मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती. नंतर दहा दिवस गाल आधी निळा, मग हिरवा-पिवळा. आई सकाळी चहा देताना बघायची आणि काही न बोलता कप ठेवून जायची.

आइसपिकना टीसीए क्रॉस केलं. टोकदार काडीने तीव्र ॲसिड फक्त खड्ड्याच्या तळाशी टेकवतात, काही सेकंदांत तो ठिपका पांढरा होतो, मग खपली धरते. खपली ओढायची नाही, आपोआप पडते. आणि बाकी सगळीकडे मायक्रोनीडलिंग, बारीक सुयांनी मुद्दाम छोट्या जखमा करायच्या म्हणजे शरीर त्या भरताना नवीन कोलॅजन, म्हणजे कातडीला आतून भरीव ठेवणारं प्रथिन, तयार करतं. महिना-दीड महिन्याच्या अंतराने 4 सेशन्स झाली. कोलॅजन भरायला महिने लागतात, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात आरसा बघून रडू नका, मी रडले होते.

मी लेझरच पाहिजे म्हणून हट्ट धरला होता. मॅडम म्हणाल्या आपल्या सावळ्या कातडीला जास्त उष्णता लागली की नंतर काळे डाग पडतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत, आधी हे करू, लागलंच तर नंतर बघू. सेशन्स पण दिवाळीनंतर सुरू केली, एप्रिलचं ऊन नको म्हणून. सनस्क्रीन रोज, ढगाळ असलं तरी. स्कार्फ अजूनही बांधते, पण आता उन्हासाठी. आणि ऑनलाइन मिळणारे बारीक सुयांचे रोलर घरी फिरवू नका प्लीज, त्यात चालू पिंपल्सवरून फिरवला तर इन्फेक्शन सगळ्या चेहऱ्यावर पसरू शकतं.

आज दीड वर्षाने? रोलिंगवाले बरेच वर आलेत, बॉक्सकारच्या कडा मऊ झाल्यात, आइसपिक तीन-चार आहेत तसेच. पूर्ण गुळगुळीत होणार नाही हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तेवढ्यासाठीच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

माझी धाकटी बहीण आता दहावीत आहे. गेल्या महिन्यात ती बेसिनच्या आरशासमोर उभी राहून हनुवटीवरचा पिंपल फोडताना दिसली आणि माझ्या पोटात गोळाच आला. आत्याचं तेच चालू होतं, वयाचं आहे, जाईल. मी ऐकलं नाही, रविवारी तिला स्कूटीवर मागे बसवून मॅडमकडे नेलं. तिला अजून एकही खड्डा पडलेला नाही. मॅडमनी रात्री लावायचं एक जेल दिलं आणि बोट लावायचं नाही म्हणून बजावलं. घरी येताना नळस्टॉपच्या सिग्नलला आरशात बघितलं तर ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.