मोहाखालचं अस्वल

दहावीचा बोर्ड संपला की नागपूरचे पोट्टे घरात टिकत नाहीत, म्हणून या एप्रिलमध्ये मित्राच्या कॅम्पला मदतनीस म्हणून गेलो, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, एका गावाजवळ, बावीस पोरं-पोरी आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, काका वाघ दिसन ना? आमचे गाइड तिथलेच, पन्नाशीचे, ते पहिल्याच रात्री म्हणाले, वाघाचं टेन्शन नका घेऊ, तो माणूस दिसला का स्वतःच सरकते, भेव अस्वलाचं ठेवा. पोरं फिसकन हसली. अस्वल म्हणजे यांना टेडी वाटते ना.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघालो, मोहफुलं वेचताना बघायला. आता गंमत अशी की फुलं रात्री गळतात, बाया पहाटेच टोपल्या घेऊन निघतात आणि अस्वलालाही तीच फुलं पाहिजेत, त्याच वेळी, त्याच झाडाखाली. त्यात अस्वलाला दिसते कमी, ऐकू पण बेताचंच येते, नाक तेवढं जबरदस्त, म्हणून वारा उलटा असला की माणूस पार जवळ येईपर्यंत त्याला पत्ताच नसतो आणि मग ते दचकून सरळ अंगावर येते, तेही तोंडावरच.

नाल्याच्या वळणावर गाइडकाकांनी हात आडवा केला. समोर मोहाखाली काळा ढीग हलत होता, पाठीवर पिल्लू. माझ्या मागच्या पोट्ट्याचा हात मोबाइलकडे गेला, दुसरा कानात म्हणते, झाडावर चढू का? काका न वळता पुटपुटले, चढ, ते तुझ्याआधी पोचते. मग ती अस्वलीण मागच्या पायांवर उभी राहिली अन् वास घ्यायला लागली, आणि खरं सांगतो, माझेच पाय लटपटत होते, पोरांचं काय घेऊन बसलात. आम्ही उलट्या पावली, पळायचं नाही, एकमेकांना धरून, बाभळीचे काटे टोचत होते तरी कोणी हूं केलं नाही. ती पण फूं फूं करत झुडपात शिरली. मिनिटभराचा खेळ असेल.

त्या रात्री संडासला जायला पोरं चार-चारच्या टोळीनं, टॉर्च घेऊन, मोठ्यानं गाणी म्हणत गेली.

परत येताना मनसरला नेटवर्क आलं, तोच पोट्टा आईला फोनवर सांगत होता, नाही ना आई, वाघबिघ काही नाही दिसला.