जिम थॉम्पसनचं घर बंद आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका

थाई रेशमाचा अमेरिकन व्यापारी जिम थॉम्पसन याचं बँकॉकमधलं घर आता संग्रहालय आहे, आणि ते आठवड्याचे सातही दिवस उघडं असतं. "आज बुद्धाचा सण आहे, म्युझियम दुपारी 1 नंतर उघडेल" असं सांगणारा माणूस धादांत खोटं बोलतोय, हे घरातून निघतानाच डोक्यात पक्कं करून ठेवा.

आम्हाला असा माणूस नॅशनल स्टेडियम या स्कायट्रेन स्टेशनच्या खाली, सोई कासेमसान 2 या गल्लीच्या तोंडावर भेटला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात नकाशा, आणि बोलणं इतकं अदबीचं की म्युझियमचाच माणूस वाटावा. तोवर एक देऊळ बघून या म्हणाला आणि 40 बाथमध्ये (बाथ म्हणजे थाई चलन) टुकटुक, म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षाही ठरवून दिली. देवळात आम्ही जेमतेम 10 मिनिटं होतो. मग रत्नांचं दुकान, मग शिंपी, मग "सरकारी भावात" रेशीम विकणारं एक दुकान. तिथे एका साध्या स्कार्फचे 2,400 बाथ सांगितले. काहीच घेत नाही म्हटल्यावर ड्रायव्हरचा सूर बदलला. ठरलेल्या 40 ऐवजी 200 बाथ मागितले आणि भलत्याच चौकात उतरवून तो निघून गेला. भर उन्हात चालत परत आलो तर फाटक सताड उघडं! तिकीट खिडकीवरची बाई म्हणाली, सकाळी 10 पासून उघडंच आहे. अख्खी सकाळ गेली, याचा राग अजून जात नाही.

स्टेशन ते फाटक हे पाच-सात मिनिटांचं चालणं आहे. तेवढ्या वेळात कोणी कितीही गोड बोलो, थांबायचं नाही. घर गल्लीच्या पार टोकाला, कालव्याला लागून आहे. फाटकापर्यंत जायचंच, काय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

त्याहून चांगला रस्ता पाण्याचा. सेन सेप कालव्यातल्या प्रवासी बोटीने हुआ चांग धक्क्यावर उतरलात तर कालव्याच्या काठाने चालत घर गाठता येतं आणि गल्लीचं ते तोंड लागतच नाही. असोक धक्क्याकडून येत असाल तर प्रातुनाम धक्क्यावर बोट बदलावी लागते. बोट धक्क्याला टेकते न टेकते तोच सुटते, त्यामुळे चपळाईने चढा-उतरा. कडेला बसलात तर समोरून दुसरी बोट येताना दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर घ्या, नाहीतर काळं पाणी थेट तोंडावर येतं. भाडं किरकोळ आहे, सुटे पैसे ठेवा.

आता घर. थॉम्पसन पेशाने वास्तुरचनाकार, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन गुप्तचर खात्यात होता. युद्ध संपल्यावर बँकॉकला आला आणि 1948 मध्ये त्याने थाई रेशमाची कंपनी काढली. रेशमात मिळालेला पैसा त्याने जुन्या वस्तूंत ओतला. ठिकठिकाणाहून, त्यात अयुथया या जुन्या राजधानीहूनही, जुनी सागवानी घरं सुटी करून आणली, सहा घरं जोडून एक केलं आणि 1959 मध्ये तिथे राहायला आला. त्याच्या हयातीतच लोक हे घर बघायला यायचे. 1967 मध्ये मलेशियातल्या कॅमेरून हायलँड्समध्ये फिरायला बाहेर पडला तो परतलाच नाही. पुढे 1976 मध्ये त्याच्या नावाने न्यास झाला, तोच आज संग्रहालय चालवतो.

दिवाणखान्यात गेलात की आधी भिंती बघा. त्याने त्या उलट्या बसवल्या आहेत. खिडकीखालचं जे कोरीवकाम जुन्या घरात रस्त्याकडे असायचं ते इथे आत, बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर येतं. काही खिडक्या बुजवून त्यांचे मूर्तींसाठी कोनाडे केले आहेत. घर बांधतानाच कुठली वस्तू कुठे दिसेल हे ठरवलेला संग्राहक मी दुसरा पाहिलेला नाही. थकवा तिथेच उतरला. सयामच्या (म्हणजे जुन्या थायलंडच्या) दरबारासाठी चीनमध्ये बनलेली पाचरंगी भांडी, चीनच्या मिंग राजवटीतली निळी-पांढरी चिनी माती, माहजाँगची दोन मेजं जोडून केलेलं जेवणाचं टेबल, आणि पाळीव उंदरांसाठी केलेली वाड्यासारखी छोटी चिनी पेटी, हे सगळं सावकाश बघण्यासारखं आहे.

पण सावकाश बघू देत नाहीत, आणि माझी मुख्य तक्रार तीच. आत गाइडबरोबरच जावं लागतं, पादत्राणं काढून. आतल्या खोल्यांचे फोटो काढता येत नाहीत. अर्ध्या-पाऊण तासात गट बाहेर. पाचरंगी भांड्यांसमोर आम्हाला मिनिटभरही मिळालं नाही. म्हणून उघडताच पहिल्या इंग्रजी फेरीला जा, गर्दी कमी असेल तर प्रश्न विचारायला सवड मिळते. उंबरे चांगले उंच आहेत, पाय उचलून टाका.

आमच्या गाइडने एक गोष्ट सांगितली नाही, ती मी सांगतो. सी थेप या प्राचीन थाई शहराजवळच्या गुहेतली चुनखडीची पाच मस्तकं थॉम्पसनकडे होती. 1962 मध्ये थाई सरकारच्या ललित कला खात्याने ती काढून घेतली आणि तो फार दुखावला. माझ्या मते खात्याचंच बरोबर होतं. गुहेच्या भिंतीतून तोडलेलं शिल्प कितीही प्रेमाने जपलं तरी ते दिवाणखान्यातलं नाही.



रेशीम घ्यायचं असेल तर घर बघून झाल्यावर कालव्यापलीकडच्या बान क्रुआ वस्तीत जा. थॉम्पसनचं सुरुवातीचं कापड इथल्या चाम (मूळच्या कंबोडिया-व्हिएतनामकडच्या) मुसलमान विणकरांनीच विणलं. आता मोजकीच कुटुंबं मागावर बसतात. गल्ल्या अरुंद, पाट्या कमी, विचारत विचारत जावं लागतं. रोख पैसे न्या, दिवसाउजेडी जा, मागावरचं कापड हात लावून बघा आणि फार घासाघीस करू नका.