मागांच्या खडखडाटात ध्यान

वडगावात राहणाऱ्यानं ध्यानासाठी शांत जागा शोधायच्या भानगडीत पडू नये. आमच्या भिंतीला लागूनच यंत्रमाग आहेत. लाईट आली की खडखडाट सुरू, गेली की तेवढाच विसावा.

मी बसायला लागले ती बीपीमुळं. डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करा, चाला म्हणाले, आणि जमलं तर रोज थोडा वेळ डोळे मिटून श्वासाकडे बघत बसा. गोळी मात्र बंद करायची नाही, हे दोनदा बजावलं.

श्वासाकडे बघणंच मला सोसेना. लक्ष दिलं की तो आखडायचा, छातीत धडधड, तळहाताला घाम. जाऊबाई म्हणाल्या, "कशाला करालीस ते? डोक्यावर परिणाम होतोय म्हणे." शेजारचे काका उलट खूश: कुंडलिनी जागी व्हायलीय, आणखी बस! (काकांना स्वतःला पाच मिनिटं गप्प बसवत नाही, ते सोडा.) मी सरळ डॉक्टरांना विचारलं. काहींना असं होतं, म्हणाले. श्वास सोडून द्या, डोळे उघडे ठेवा, तळव्याला काय लागतंय ते बघा. घाबरं झालं तर उठायचं, तोंड धुवायचं, कामाला लागायचं.

तेव्हापासून खुर्चीवर बसते, पाय शहाबादी फरशीवर. टाच गार लागते, अंगठ्याखाली दोन फरशांमधला सांधा टोचतो. पलीकडं मागाचा धोटा इकडून तिकडं आपटतोय, तो ऐकायचा. मन दुधाच्या हिशोबात जातंच. कळलं की परत अंगठ्यावर यायचं. एवढंच. मंत्र नाही, गुरू नाही, फी नाही.

नर्सिंगला असलेल्या भाचीनं अभ्यास वाचून दाखवले. 2014 साली 47 चाचण्या एकत्र तपासल्या; चिंता, उदासी, दुखणं यांत ध्यानानं थोडा ते मध्यम फरक पडतो, पण औषधापेक्षा किंवा व्यायामापेक्षा ते सरस ठरलं नाही. 2020 च्या एका आढाव्यात शंभरातल्या आठेक जणांना त्रास झालेला, तोही बहुतेक चिंता नि उदासीचा. म्हणजे माझं काही जगावेगळं नव्हतं!

माझी गोळी आहे तेवढीच आहे. फरक पडला तो तोंडाला: रागानं बोलायच्या आधी हल्ली क्षणभर सापडतो, पोरांनीच ते ओळखलं. झोपेचं म्हणाल तर जैसे थे.

नणंद दहा दिवसांच्या मौन शिबिराला चल म्हणून मागं लागलीय. मी नाही म्हटलं. घरी नको वाटलं की उठता येतं, तिथं दिवसभर बसायचं. ज्यांना मनाच्या आजाराची औषधं चालू आहेत, पूर्वी भास झालेत, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असल्या शिबिराचा फॉर्मच भरू नये. बसल्यावर येणारी भीती दिवसभर उतरत नसेल तर ध्यान थांबवा आणि 14416 ला फोन लावा. ती सरकारची टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाईन; पैसे पडत नाहीत, आपली भाषा निवडता येते.